ठिणगीची वेळ

गावात गॅरेजं पाच होती, पण जुनी गाडी घेऊन कुणी आलं की बाकीचे चौघं हात वर करायचे आणि पुलापलीकडच्या पत्र्याच्या शेडकडे बोट दाखवायचे. तिथे कानसेन असायचा. हे त्याचं खरं नाव अर्थातच नव्हतं. चोविसाव्या वर्षी तो त्या शेडच्या दारात चहा पीत उभा असताना पाठीमागून एक ट्रक गेला, आणि मान न वळवता तो म्हणाला की याच्या तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह आठवडाभरात जाणार. ट्रकवाल्याने ते ऐकलं, तो हसला आणि निघून गेला. पाचव्या दिवशी तोच ट्रक दोरीने ओढत आणावा लागला. त्या दिवशी मिळालेलं नाव सहासष्टाव्या वर्षापर्यंत त्याला चिकटून राहिलं, इतकं की घरी पत्रंसुद्धा त्याच नावाने यायची आणि बायको ती मुकाट्याने घ्यायची.

टायमिंग ही त्याची खासियत. इंजिनात पेट्रोलची वाफ दाबली जाते, आणि पिस्टन पार वर पोचायच्या जरासं आधी तिच्यावर ठिणगी पडावी लागते. जरासं म्हणजे किती, यातच सगळी मेख. ठिणगी लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनच्या डोक्यात हातोडा बसतो. उशिरा पडली तर गाडी सुस्तावते, चढावर धापा टाकते आणि तापते. ही वेळ ठरवतो डिस्ट्रिब्यूटर नावाचा वाटीएवढा डबा. त्याचा नट सैल करायचा, डबा चिमटीत धरायचा आणि केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवायचा. दुसरे मिस्त्री त्यासाठी इंजिनाबरोबर फिरणाऱ्या पुढच्या पुलीवरची खूण बघत, दिवा लावत. कानसेन इंजिन चालू ठेवून, डोळे मिटून, रेडिओचं स्टेशन लावावं तसा तो डबा फिरवायचा आणि एका जागी थांबायचा. त्यानंतर दोन वर्षं त्या गाडीची कुरकुर नसे.

त्याची सून याच्या अगदी उलट. मुलगा शाळेत इतिहास शिकवायचा, आणि स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की घट्ट होतो हे त्याला दर वेळी विचारावं लागे. पण त्याने बायको केली ती लिफ्ट दुरुस्त करणारी. उंच इमारतींच्या काळोख्या बोगद्यांत लोंबकळून काम करणारी ही मुलगी मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायची नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षी ती सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये यायची ती सासऱ्याला बरं वाटावं म्हणून. दुसऱ्या वर्षापासून तिला स्वतःलाच चैन पडेना. कानसेन तिला फुटपट्टी म्हणायचा. तिला त्याचा राग नव्हता. तिच्या खिशात खरोखरच एक असायची.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर सिस्टर आपली निळी घेऊन आली. घेऊन आली म्हणजे ट्रॅक्टरला बांधून आणली. ही सिस्टर म्हणजे गावची जुनी नर्स. चाळीस वर्षं ती बाळंतपणं करत हिंडली, आणि ती सगळी हिंडणी या निळ्या, गोल दिव्यांच्या, मागच्या बाजूला दारं उघडणाऱ्या गाडीतून झाली. ती निवृत्त झाल्यावर गाडी तिच्या घरामागच्या गोठ्यात गेली आणि अकरा वर्षं तिथेच राहिली. मागच्या सीटमध्ये उंदरांच्या चार पिढ्यांनी संसार थाटला होता. आता सिस्टरचा धाकटा भाऊ डोंगरापलीकडे एकटा पडला होता, आणि दोन म्हाताऱ्यांनी एका छपराखाली राहावं असं दोघांनी ठरवलं होतं. सामान टेम्पोने जाईल आणि तुम्ही बसने जा, असं जो तो तिला सांगत होता.

"त्या डोंगरावरून मी शेकडो वेळा स्वतः गाडी चालवत गेले," ती कानसेनला म्हणाली. "आता पार्सल होऊन जायची नाही."

हे उत्तर त्याला आवडलं. त्याने गाडी ठेवून घेतली.

तीन महिने त्याने निळीचं इंजिन उघडून, धुऊन, घासून परत जोडलं. रिंगा बदलल्या, व्हॉल्व्ह घासून बसवले. पुढची पुली तडकली होती, तिच्या जागी भंगारातल्या तशाच एका इंजिनाची पुली बसवली. सून सुट्टीला येऊन मदत करायची आणि प्रत्येक फट मोजायची. शेवटी उरलं टायमिंग. ते त्याने एका सकाळी एकट्याने, डोळे मिटून केलं. डबा फिरवता फिरवता इंजिन इतकं गोड चालायला लागलं की तो स्वतःच चकित झाला. आयुष्यात इतकं मऊ चालणारं इंजिन आपण ऐकलं नाही असं त्याला वाटलं. गाडीने पुलापर्यंत एक फेरी मारून तो परत आला आणि सिस्टरला निरोप धाडला.

पहिली चाचणी डोंगरावरच घ्यायची असा सिस्टरचा हट्ट होता. ती चालवायला बसली, कानसेन शेजारी, सून मागे. सपाटीवर निळी तरंगत गेली. चढ सुरू झाला तसा सिस्टरने पाय दाबला आणि दुसऱ्या वळणावर तिच्या कपाळाला आठी पडली. काहीतरी वाजतंय, असं ती म्हणाली. कानसेनने मान तिरकी केली. त्याला काही वाजताना ऐकू आलं नाही. पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवल्यासारखं, सिस्टर म्हणाली. मागून सूनही म्हणाली की बाबा, इंजिन नॉक करतंय, थांबू या. नवं इंजिन आहे, रिंगा बसायला वेळ लागतो, असं त्याने दोघींना ठणकावून सांगितलं. "चला पुढे."

चौथ्या वळणावर पाण्याचा काटा पार वर गेला आणि बॉनेटच्या फटींतून वाफ यायला लागली. पाचव्या वळणाच्या आधी निळी हुंदका देऊन थांबली.

अर्धा तास तिघं रस्त्याच्या कडेला दगडांवर बसून राहिली. खाली गाव दिसत होतं, पुलापलीकडचं शेडचं छप्पर चकाकत होतं. मग गाडी वळवली, आणि इंजिन बंद ठेवून, ब्रेक दाबत दाबत उतारावरून शेडच्या दारापर्यंत आणली. पेट्रोलच भेसळीचं होतं, असं कानसेन उतरता उतरता म्हणाला. सुनेने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ती हात धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होता. प्लग काढून बघितले तर त्यांच्या टोकांवर पांढऱ्या राखेचे बारीक ठिपके होते. पिस्टनला ताप चढल्याची ती खूण त्याला चांगली ठाऊक होती. ठिणगी लवकर पडत होती. खूपच लवकर. पण मग आपल्याला ऐकू कसं आलं नाही, इथे येऊन त्याचा विचार थांबत होता आणि पुन्हा पेट्रोलकडे वळत होता. इतक्यात खांद्यावर हात पडला आणि तो दचकून उभा राहिला. मागे सिस्टर होती.

"चार हाका मारल्या मी," ती म्हणाली. "चौथी चांगली मोठ्याने."

आपण कामात होतो, असं तो म्हणाला. तिने स्टूल ओढलं, त्याच्या समोर, त्याला आपलं तोंड दिसेल असं ठेवलं आणि बसली. आधी तिने निळीची चौकशी केली. मग आपला हात मांडीवर पालथा ठेवून, त्याच्याकडे बघत ती बोलायला लागली.

"हे कानातलं यंत्र लावण्याआधी मीही दोन वर्षं लपवलं. पोटाला नळी लावून बाळाचे ठोके ऐकायचे, हे माझं काम. ते ठोके बारीक होत गेले. मला वाटलं, हल्ली बाळंच नाजूक झालीत." ती जरा हसली, मग थांबली. "एकदा ठोके बुडत होते आणि मी बाईला सांगितलं, सगळं ठीक आहे. बरोबरच्या शिकाऊ मुलीने माझ्या हातातून नळी ओढून घेतली. बाळ वाचलं. तिच्यामुळे वाचलं, माझ्यामुळे नाही."

आपले कान ठणठणीत आहेत, आणि इंजिन म्हणजे काही बाळ नव्हे, असं तो तिला म्हणाला.

"नव्हेच," ती उठत म्हणाली. "पण त्यात मी बसणार आहे."

ती गेल्यावर त्याने नट फिरवायचे दोन पाने उचलले, परत ठेवले. कपड्याने एकच जागा चार वेळा पुसली. तिचा राग आला होता हे खरं, पण रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं आणि ते त्याला स्वस्थ बसू देईना. घरात टीव्हीच्या आवाजावरून होणारी भांडणं त्याला आठवली. बायको हल्ली सगळं तोंडातल्या तोंडात बोलते असं तो कितीतरी दिवस म्हणत होता. पाखरं कमी झाली आहेत असंही त्यानेच एकदा मुलाला सांगितलं होतं, आणि मुलगा नुसता खिडकीबाहेरच्या पाखरांकडे बघत राहिला होता.

शेवटी त्याने प्लग परत लावले, इंजिन चालू केलं आणि डिस्ट्रिब्यूटरचा नट सैल केला. काय करतोय हे त्याला नीट माहीत होतं. डबा त्याने मुद्दाम चुकीच्या बाजूला फिरवला, अर्धं बोट, मग आणखी अर्धं. एवढ्या लवकर ठिणगी पडल्यावर कुठलंही इंजिन किंचाळलं पाहिजे. दुसऱ्या हाताने त्याने पेट्रोलची तार झटक्यात ओढली. इंजिनचा वेग वाढला, आणि त्याला ऐकू आली ती फक्त एक जाड, गोड घरघर, कुणीतरी सगळ्या यंत्रावर रजई पांघरल्यासारखी. त्याने तार पुन्हा ओढली. पुन्हा तीच घरघर.

शेडच्या दारात सून उभी होती. तिचे दोन्ही हात कानांवर होते आणि ती काहीतरी ओरडत होती. शब्द त्याला कळले नाहीत, पण चेहरा कळला. त्याने किल्ली फिरवली. इंजिन थांबलं.

तो निळीच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, "मला ऐकू येत नाही गं."

"माहीत आहे, बाबा."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. मी तुमच्यासमोर येऊन बोलते, तुमच्या लक्षात आलं नाही का? मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे आणि सांगायचं नाहीये."

"मला वाटलं, सगळेच हळू बोलायला लागलेत," तो म्हणाला. हे ऐकून तिला हसू आलं आणि ते तिने लपवलंही नाही. त्यालाही थोडं आलं. डोळेही भरले होते, ते त्याने ऑइलच्या फडक्याने पुसले आणि गालावर काळा पट्टा ओढून घेतला.

आता शेड बंद करावी असं त्याच्या मनात आलं होतं आणि त्याने ते बोलून दाखवलं. सुनेने त्यावर वाद घातला नाही. आधी ही गाडी नीट करू आणि मग काय ते ठरवू, एवढंच ती म्हणाली. सिस्टर पुढच्या आठवड्यात घर रिकामं करणार होती. सुनेच्या पिशवीत एक छोटा दिवा होता, दोन तारा लावलेला. लिफ्टच्या तारांमध्ये वीज आहे की नाही ते ती त्याने बघायची. हाच दिवा डिस्ट्रिब्यूटरला लावायचा, हँडलने इंजिन हळूहळू फिरवत पुलीवरची खूण समोरच्या काट्यापाशी आणायची आणि ज्या क्षणी ठिणगी पडायची त्या क्षणी दिवा लागेल असा डबा फिरवून आवळायचा. कानाचा संबंधच नाही. ही पद्धत कानसेनला चाळीस वर्षांपासून ठाऊक होती, आणि तेवढीच वर्षं तो तिला आंधळ्याची काठी म्हणत आला होता. त्या दिवशी त्याने निमूटपणे हँडल हातात घेतलं.

दिवा लागला. सुनेने नट आवळला, दोनदा तपासलं, आणि इंजिन चालू केलं. ते चालू झालं, पण त्यात जीव नव्हता. कुठे चुकलं ते तिला कळेना. खूण काट्याच्या नाकासमोर होती. कानसेनने मात्र तोपर्यंत तळहात निळीच्या मडगार्डवर ठेवला होता. इंजिनची थरथर पत्र्यातून त्याच्या हातात येत होती आणि ती त्याला आळशी वाटत होती. आंघोळीआधी अंथरुणात लोळणाऱ्या माणसासारखी. मागे जाऊन त्याने धुराच्या नळीजवळ हात नेला. नळी भलतीच तापली होती. आता ठिणगी उशिरा पडत होती.

"तुझी खूण खोटं बोलतेय," तो म्हणाला.

खूण खोटं कशी बोलेल, असं ती म्हणाली. पोलादात कोरलेली आहे ती. मग तो पुलीकडे बघत राहिला आणि एकदम त्याने कपाळावर हात मारून घेतला. ती पुली निळीची नव्हतीच. भंगारातल्या इंजिनाची होती, त्याने स्वतः बसवलेली, आणि तिच्यावरची खूण त्या दुसऱ्या इंजिनाच्या हिशोबाने कोरलेली होती. खुणेकडे आपण कधी बघतच नाही, या तोऱ्यात त्याने ती जुळते का हेही पाहिलं नव्हतं. हे त्याने सुनेला सांगितलं, सगळंच्या सगळं. त्या दिवशी दुसऱ्यांदा असं काही कबूल करताना त्याला पहिल्याइतकं जड गेलं नाही.

म्हणजे आता पिस्टन खरोखर कधी पार वर येतो ते नव्याने शोधायचं होतं. या जुन्या इंजिनात प्लगचं भोक सरळ पिस्टनच्या डोक्यावर असतं. कानसेनने पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवला आणि सुनेला हँडल फिरवायला सांगितलं. आतली हवा अंगठा ढकलायला लागली तसा तो म्हणाला की आता, हाच ठिणगीचा फेरा. मग सून घरी जाऊन सासूची विणायची लांब सुई घेऊन आली आणि ती भोकात उभी सोडली. हँडल फिरवलं की सुई वर यायची, थबकायची, खाली जायची. पण थबकायची ती चांगली लांबलचक. पुली बोटभर फिरली तरी सुई हलेना, आणि नेमकी वरची जागा कुठली ते सांगता येईना. कानसेन अंदाजाने सांगायला लागला तर सुनेने त्याला थांबवलं. तिने खिशातली फुटपट्टी काढली. सुई वर येताना एका ठराविक उंचीला पोचली की पुलीवर एक रेघ, खाली जाताना त्याच उंचीला आली की दुसरी रेघ, आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये खरी जागा.

"लिफ्ट मजल्याशी समपातळीत आणायची असते तेव्हा असंच करतो," ती म्हणाली.

कानसेन त्या दोन रेघांकडे बघत राहिला. बेचाळीस वर्षांत इतकी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आली नव्हती. तिची गरजही पडली नव्हती. त्याने तिच्या पाठीवर थाप मारली, आणि तिच्या शर्टावर पाचही बोटं काळी उमटली.

ठिणगी त्या जागेच्या आठ अंश आधी पडायला हवी होती. सुनेने पुलीभोवती दोरी गुंडाळून घेर मोजला, पंचेचाळीस सेंटिमीटर भरला, आणि पाटीवर भागाकार करून ती म्हणाली की दहा मिलिमीटर. कुठल्या बाजूला, यावर दोघांत पाच मिनिटं हुज्जत झाली आणि ती कानसेनने जिंकली. तिथे पांढऱ्या रंगाचा ठिपका पडला. दिवा पुन्हा लागला. या वेळी इंजिन चालू झालं तेव्हा त्याने मडगार्डवर हात ठेवला आणि तो काढायचं त्याच्या मनात येईना. थरथर एकसारखी होती, जागी होती.

"हे झालं दिव्याचं," तो म्हणाला. "आता डोंगराचं बघायचं. त्याला कान लागतात. ते तुझे."

दोन दिवसांनी सकाळी तिघं पुन्हा निघाली. सिस्टर चालवायला, कानसेन शेजारी, सून मागे खिडकीची काच पूर्ण खाली करून. निघण्याआधी त्याने सुनेला समोर उभं करून काय ऐकायचं ते सांगितलं. चढावर पूर्ण पाय दाबला की आवाज अगदीच आला नाही तरी वाईट. मग इंजिनचा जोर वाया जातोय. आणि आलाच तर तो डब्यातल्या खिळ्यांसारखा नको. "वाळूचे चार दाणे पत्र्यावर पडावेत, एवढंच. पडले आणि थांबले. पाचवा नाही." हे सांगताना तो आवाज त्याच्या डोक्यात इतका स्वच्छ वाजला की त्याला शब्द पुरेनात. मग त्याने तो तोंडाने करून दाखवला, जीभ टाळूला लावून, दोनतीनदा. सिस्टरनेही बाजूला उभं राहून करून बघितला.

दुसऱ्या वळणावर सुनेने हात वर केला. वाळू पडत होती, पण थांबत नव्हती. गाडी कडेला घेतली. कानसेनने बॉनेट उघडून डबा केसभर फिरवला, इतका थोडा की फिरला की नाही ते त्यालाच कळलं. तिसऱ्या वळणावर काहीच वाजलं नाही, आणि निळी जरा जड चालायला लागली. पुन्हा थांबणं, पुन्हा बॉनेट, पुन्हा अर्धा केस परत. मागून येणाऱ्या एका ट्रकवाल्याने थांबून मदत हवी का म्हणून विचारलं. आमचं गाणं लावणं चाललंय, असं सिस्टरने त्याला सांगितलं आणि तो गोंधळून पुढे गेला.

पाचव्या वळणानंतरचा चढ सगळ्यात उभा होता. आधीच्या वेळी निळी इथपर्यंत पोचलीही नव्हती. सिस्टरने पाय दाबला. कानसेनने डाव्या हाताचा पंजा समोरच्या पत्र्यावर टेकवला होता आणि बूट काढून पाय खाली सपाट ठेवले होते. हातातून आणि तळपायांतून इंजिन त्याच्यापर्यंत येत होतं. इंजिन ओढत होतं, पूर्ण जोराने. एका जागी त्या थरथरीला अगदी पुसटशी धार आली, कापडावरून नख फिरावं तशी, आणि लगेच गेली. तो मागे वळला. सून डोळे मिटून, कान खिडकीबाहेर काढून बसली होती.

तिने डोळे उघडले. "चारच," ती म्हणाली. "मग थांबलं."

"मलाही कळलं," तो म्हणाला. "हाताला."

डोंगरमाथ्यावर सिस्टरने गाडी थांबवली नाही. ती तशीच पलीकडच्या उतारावर थोडी खाली गेली, भावाचं गाव जिथून दिसतं त्या वळणापर्यंत, आणि तिथून मग वळवून आणली. परतताना ती सगळा रस्ता बोलत होती. कुठल्या वळणावर कुठलं बाळ गाडीतच झालं, कुठल्या रात्री धुक्यात दिवे गेले आणि बाळाच्या बापाने पुढे कंदील घेऊन पळत वाट दाखवली. कानसेन तिच्या तोंडाकडे बघत ऐकत होता. जे सुटायचं ते तो सरळ विचारायचा, आणि ती न कंटाळता पुन्हा सांगायची.

पुढच्या सोमवारी ती एकटी निघाली. तिच्या सामानाचा टेम्पो पुढे गेला होता. निळीत फक्त ती आणि मागच्या सीटवर कुंड्या. कानसेन आणि सून शेडच्या दारात उभे राहून डोंगराकडे बघत होते. वळणावळणावर तो निळा ठिपका दिसायचा आणि लपायचा. माथ्याजवळ तो शेवटचा दिसला तेव्हा वाफ नव्हती, थांबणं नव्हतं. संध्याकाळी भावाच्या घरून फोन आला. तो सुनेने घेतला आणि कुंडीसुद्धा हलली नाही म्हणून सासऱ्याला सांगितलं.

कानांची तपासणी त्या महिन्याच्या अखेरीला झाली. डॉक्टरने त्याला काचेच्या खोलीत बसवून एकेक बारीक आवाज सोडला आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगितलं. कितीतरी वेळ तो बटणावर अंगठा ठेवून वाट बघत बसून होता. बारीक आवाज परत येणार नाहीत, पण यंत्र लावलं तर निम्म्याहून अधिक काम होईल, असं डॉक्टरने कागदावर आलेख काढून समजावलं. यंत्र लावून तो शेडमध्ये आला तेव्हा पहिला तास त्याने नुसता बसून काढला. पाना जमिनीवर पडल्याचा आवाज त्याला दणका वाटला. पत्र्यावर पाखरं नाचत होती, भरपूर होती. इंजिनं मात्र जुन्यासारखी वाजली नाहीत; सगळी जरा डब्यातून बोलल्यासारखी, कर्कश. त्याने ते सुनेला सांगितलं. ती म्हणाली की सवय होईल, आणि नाही झाली तर दिवा आहे, सुई आहे, तुमचा हात आहे, मी आहे. सुट्टीचे दोन दिवस ती आता शेडमध्येच घालवणार होती. नवऱ्याला तिने तसं सांगूनही टाकलं होतं, आणि त्याने दारावर लावायला पाटी रंगवून द्यायचं कबूल केलं होतं. त्याचं अक्षर चांगलं होतं, एवढं तरी होतं.

त्याच आठवड्यात एक अनोळखी माणूस बाहेरगावाहून जुनी, पिवळी मोटार घेऊन आला. कानसेन तोच का, असं त्याने विचारलं. तुमचं नाव ऐकून इतक्या लांब आलो, असं म्हणून तो बॉनेटमध्ये वाकला आणि आत तोंड घालूनच गाडीचं दुखणं सांगायला लागला. कानसेनने त्याच्या खांद्याला हात लावून त्याला सरळ उभं केलं.

"मला कमी ऐकू येतं," तो म्हणाला. "इकडे समोर येऊन सांगा. आणि आवाज कसा येतो ते हिला सांगा, तो हिचा विभाग."

तो माणूस एकदा त्याच्याकडे आणि एकदा सुनेकडे बघत राहिला. मग तो समोर आला, आणि गाडी चढावर कशी वाजते ते तोंडाने करून दाखवायला लागला. सुनेने फुटपट्टी खिशात ठेवली आणि कान पुढे केला.